नाव आपली, नावाडीही आपणच

आमच्या पवनीकडे नाव म्हणजे डोंगा, आणि डोंगा म्हटला की डोंगेवाला आलाच. दोन डोंगे बांबूंनी जोडून त्यांवर सायकल, बकरी आणि नवरी एकाच खेपेत वैनगंगेपार गेलेली मी लहानपणी पाहिली आहे. त्यामुळे पुण्याच्या भाच्याने ग्रीसला कॅटामरान भाड्याने घ्यायचा बेत सांगितला, तेव्हा जोडनाव लगेच कळली. ती ‘बेअरबोट’ असते, म्हणजे सोबत नावाडी येत नाही, हे काही केल्या डोक्यात शिरेना.

‘शिडं कोण उभारणार?’

‘आपणच, मामा.’

‘नांगर?’

‘आपणच.’

‘आणि स्वयंपाक?’ मागून मामीचा आवाज आला. भाच्याचं नेटवर्क गेलं.

शनिवार ते शनिवार भाडं, वर अनामत, चादरींचे वेगळे, शेवटच्या साफसफाईचे वेगळे, डिझेलची टाकी भरून परत. एवढं मोजून राबायचंही आपणच! रोजगार हमीवर निदान हजेरीपट तरी असतो. संडासाचा नियम तर असा, की आधी खाल्लेलं नाही ते आत टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. जमेची बाजू एकच: नाव फारशी कलत नाही, चहा कपातच राहतो.

भाचा दाखला देतो नौदलाच्या दिलीप दोंदेंचा. 2009-10 मध्ये ‘म्हादेई’तून ते एकटेच शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. बरोबर आहे, त्यांच्या नावेवर नातेवाईक नव्हते.

ग्रीसमध्ये परवानावाला कप्तान लागतो आणि नाव हाकता येणारा आणखी एक. परवाना भाच्याने काढला. दुसरा म्हणून त्याने मला धरलं, का तर मी नदीकाठचा. आता आम्हा नदीकाठच्यांचं जलज्ञान म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या 33 दरवाज्यांपैकी आज किती उघडले, एवढंच. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, हे ऐकून मामी म्हणाली, ‘धान उफणायला बरा.’

घाटावरच्या म्हाताऱ्या डोंगेवाल्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने बिडी विझेपर्यंत विचार केला.

‘पैसे देऊन डोंगा आपनच हाकलाचा? मंग इतंच या ना जी! माहा डोंगा घ्या, मी काठावर बसतो. अनामत म्हनून फटफटी ठेवून जा.’