अप्पांच्या शुभहस्ते

अप्पांचा झाडांवर राग आहे, असं कुणी समजू नये. पाच जूनला सकाळी साडेसहाला सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज त्यांचाच पडतो: दोन तळहातांत माती, मातीत इवलंसं रोप, खाली तुकोबांची ओळ. सव्वासातला दुसरा मेसेज येतो: 'गेटजवळच्या रेन ट्रीचा विषय येत्या सभेत घ्यावा ही विनंती.' या दोन मेसेजांत काही खटकण्यासारखं आहे, असं अप्पांना कधी वाटलेलं नाही. दोन्हींना हात जोडणाऱ्या मंडळींनाही वाटलेलं नाही. पहिल्या मेसेजातली झाडं जगात कुठेतरी असतात, दुसऱ्यातलं झाड अप्पांच्या गाडीवर असतं.

अप्पा विमा कंपनीतून निवृत्त झाले. 'उद्या काही झालं तर?' हा एकच प्रश्न विचारून त्यांनी पस्तीस वर्षं संसार चालवला, दोन मुली उजवल्या आणि कोथरूडला तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला. या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसतं, त्यामुळे तो विचारणारा माणूस सहसा हरत नाही. आता निवृत्तीनंतर हाच प्रश्न ते झाडांना विचारतात. ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आणि दुसरं कुणी व्हायला तयार नसल्यामुळे राहतीलही.

असे अप्पा ठाण्यात असतात, नाशकात असतात, पणजीतही असतील. कुठे त्यांना चेअरमनसाहेब म्हणतात, कुठे काकू म्हणतात. ओळखायची खूण एकच: झाडाखालून जाताना ते वर बघतात आणि चालायचा वेग वाढवतात.

आमचा रेन ट्री सोसायटीच्याही आधीचा. इथे पूर्वी बंगला होता, त्याच्या फाटकाशी तो होता. त्याची सावली आमचं अर्धं पार्किंग आणि बाहेरचा रस्ता ओलांडून समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत जाते. अप्पांची त्याच्याविरुद्धची तक्रार ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात त्याच्या काळ्या, चिकट शेंगा पडतात आणि गाडीच्या काचेला गुळासारख्या बसतात. पावसाळ्यात तो स्वतःच पडेल. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या सप्तपर्णीचा उग्र वास सुटतो आणि त्याचं खापरही एकदा रेन ट्रीवर फुटलं. थंडीत ऊन अडतं. बगळे बसतात तो विषय तर बारमाही. आणि हे सगळं सांगत असताना अप्पांची गाडी नेमकी त्याच झाडाखाली उभी असते, कारण दुसरीकडे ऊन लागतं. 'मग तिकडे लावा की,' असं मी एकदा म्हणालो. 'डॅशबोर्ड तडकतो हो,' अप्पा कळवळून म्हणाले.

झाडाचं वय हे प्रकरण तर निराळंच. सुरुवातीला अप्पा म्हणत, 'अहो, सत्तरऐंशी वर्षांचं जुनाट झाड. आतून पोकळ झालं असणार.' मग कुणीतरी त्यांना सांगितलं की, झाडांच्या संरक्षणाचा आपला 1975 चा कायदा 2021 मध्ये सुधारला आहे. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज ठरतं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. त्या संध्याकाळपासून रेन ट्री झपाट्याने तरुण होऊ लागला. गेल्या सभेत तो पंचविशीवर आला होता. 'अहो, रेन ट्री फार झपाट्याने वाढतो. दिसतो तेवढा नाही तो,' असं म्हणताना अप्पांनी बंगलेवाल्यांच्या सुनेकडे पाहिलंच नाही. ती बिचारी लग्न होऊन आली तेव्हा याच झाडाखाली तिची वरात थांबली होती आणि तिची नातवंडं आता कॉलेजात आहेत.

अप्पांना कायदा मोडायचा नाही, हेही त्यांच्या बाजूने सांगायला हवं. 'मुळाशी हिंग पुरला की आपोआप वाळतं म्हणतात,' असं चौथ्या मजल्यावरून कुणी सुचवलं, तेव्हा अप्पांनीच कायदा काढून दाखवला: झाड 'तोडणं' म्हणजे जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंसुद्धा. 'जे काय व्हायचं ते अर्जाने व्हायला पाहिजे,' असं ते म्हणाले. विम्यात आयुष्य गेलेला माणूस. मृत्यूही कागदावर आला की त्यांना शांत वाटतं.

मग झाडतोड्या आला. कोयता, करवत, दोरखंड, दोन पोरं आणि एक टेम्पो. त्याने झाडाकडे जेमतेम पाहिलं आणि बुंध्याकडे मात्र बराच वेळ पाहिलं. 'साहेब, दरवर्षी फांद्या छाटत बसण्यापेक्षा बुंध्यातूनच घेऊ. लाकूड आमचं, मजुरी माफ.' अप्पांचा चेहरा उजळला. फुकट हा शब्द आमच्या सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर होतो. पण न्हाव्याला केसांच्या वजनावर पैसे द्यायचे ठरवलं तर घरटी टक्कल पडणार, एवढा साधा हिशोब कुणी केला नाही. ज्याला लाकूड मिळणार, त्यानेच किती कापायचं हे ठरवायचं. त्याच्या सल्ल्याला आम्ही 'अनुभवी माणसाचं मत' म्हणणार.

या अनुभवी माणसाचा एक नमुना आमच्याकडे उभाच आहे. मागच्या बाजूचा कडुलिंब. काही वर्षांपूर्वी अप्पांनी 'हलकी छाटणी' म्हणून त्याचा शेंडा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर सपाट उडवला. कडुलिंब तो, मेला नाही. कापलेल्या ठुंठांच्या कडेने त्याने घाईघाईत काठ्यांसारखे सरळसोट कोंब फोडले. अशा कोंबांची पकड फांदीच्या जुन्या लाकडात खोल गेलेली नसते, ते वरवर चिकटून वाढतात, आणि खालचं उघडं ठुंठ हळूहळू कुजत जातं. चारेक पावसाळ्यांत त्या काठ्या मांडीएवढ्या झाल्या आणि एका वळवाच्या पावसात त्यांतली एक जोशीकाकूंच्या स्कूटरवर आली. अप्पा पंचनाम्याला आले, कोंबाकडे पाहिलं आणि म्हणाले, 'बघा, मी सांगत नव्हतो? झाडं धोकादायकच असतात.'

पावसाळ्यात झाडं, फांद्या पडतात आणि माणसं जातात. ती थट्टा करण्याची गोष्ट नाही, आणि अप्पांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण भीती हा पुरावा नव्हे. ती खरी असेल तर तपासून घ्यावी. आपल्याला रात्री झोप लागावी म्हणून धडधाकट झाड कापणं हा मला सुरक्षेचा मामला वाटत नाही, आळसाचा वाटतो. झाड राखायचं तर दरवर्षी त्याच्याकडे बघावं लागतं, पैसे काढावे लागतात. कापलं की विषय संपतो. आणि सावली इस्त्रीवाल्यापर्यंत जात असताना मतदान फक्त फ्लॅटधारकांनी करायचं, हे न्यायाचं कसं, हा माझा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात 'एका सभासदाने भावनिक मुद्दा मांडला' असा नोंदला गेला.

भावनेने काही होईना, तेव्हा मी 'ऑडिट' हा शब्द वापरला. अप्पांचा स्ट्रक्चरल ऑडिटवर फार जीव. इमारत तिशीला आल्यापासून दर तीन वर्षांनी ते करावं लागतं, हे वाक्य ते लग्नकार्यातही बोलतात. मी म्हटलं, 'अप्पा, बी विंगला तडा गेला तेव्हा आपण इंजिनियर बोलावला. विंग पाडली नाही. झाडांचंही ऑडिट करून घेऊ.' अप्पा थांबले. 'लेखी रिपोर्ट देतात?' त्यांनी विचारलं. देतात म्हटल्यावर ठराव झाला.

आली ती तिशीतली मुलगी. वनस्पतिशास्त्र शिकलेली, झाडांचंच काम करणारी. तिच्याकडे दुर्बीण, टेप, पातळ लोखंडी सळई आणि एक लाकडी हातोडा. गेटपाशी उभी राहून ती रेन ट्रीकडे नुसती बघत राहिली. मग दहा पावलं सरकून पुन्हा बघत राहिली. अप्पांनी घड्याळ पाहिलं. 'मॅडम, हे... बघण्याचे पैसे?'

'हो काका. कापायचे वेगळे.'

मग तिने बुंध्यावर कमरेच्या उंचीपासून खाली हातोडा मारत फेरी घातली. ठोका भरीव आला की पुढे, जरा बद आला की तिथेच दोनचार पुन्हा. रेन ट्री सगळीकडून भरीव वाजला. मग ती खाली बसली आणि पेव्हिंग ब्लॉककडे बोट दाखवून विचारलं, 'हे कुणी केलं?'

'मी,' अप्पा अभिमानाने म्हणाले. पार्किंग स्वच्छ दिसावं म्हणून अप्पांनी ब्लॉक थेट बुंध्याला भिडवून घेतले होते. गेली दोन वर्षं मुळं ते ब्लॉक उचलत होती आणि 'झाड हलतंय' याचा पुरावा म्हणून अप्पा तेच उचललेले ब्लॉक सगळ्यांना दाखवत होते. तिने समजावून सांगितलं: पाणी आणि हवा घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि पसाऱ्याच्या बाहेरपर्यंत जातात. माती झाकली की ती गुदमरतात. दिल्लीत 2013 मध्ये हरित लवादाने झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला लावलं ते याचसाठी. 'म्हणजे झाडाला माझ्यापासून धोका आहे?' अप्पांनी विचारलं. मुलगी सभ्य होती. 'थोडा,' म्हणाली.

पुढे गुलमोहर. इथे जरा पार्श्वभूमी सांगायला हवी. अप्पा मूळचे साताऱ्याचे. साताऱ्यात एक मेला गुलमोहर दिन साजरा होतो. सेक्रेटरी झाल्याच्या पहिल्या पाच जूनला अप्पांनी आवारात गुलमोहर लावला आणि त्याखाली ग्रॅनाइटची पाटी बसवली. 'शुभहस्ते' या शब्दाच्या पुढे त्यांचं पूर्ण नाव, बी.कॉम. सकट. शेंगा, पानं, ऊन, कचरा यांतली एकही तक्रार या झाडाबद्दल कधी झालेली नाही. त्याच्या पाकळ्या गाडीवर पडल्या की अप्पा फोटो काढतात.

मुलीने गुलमोहरावर हातोडा मारला. बद. पुन्हा मारला. बद. बुंध्याशी तपकिरी बुरशीची तबकडी आली होती. तिच्याशेजारी सळई टेकवली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. ड्रेनेजची लाइन टाकताना एका बाजूची मुळं तोडलेली, ती आतून कुजत आली होती. झाडाखाली लहान मुलांची घसरगुंडी. तिने वहीत लिहिलं आणि हळूच सांगितलं, 'काका, रेन ट्रीला काही झालेलं नाही. वाळलेल्या फांद्या काढू, रस्त्यावर लांब गेलेल्यांचं वजन कमी करू. हा गुलमोहर मात्र काढावा लागेल.'

अप्पांच्या तोंडून शब्द फुटेना. फुटला तेव्हा तो माझा होता. 'अहो, जिवंत झाड आहे ते! या मे महिन्यात किती फुललं होतं!' पुढच्या दोन आठवड्यांत अप्पांनी वृक्षसंवर्धनाचा जो पुरस्कार केला, तसा आमच्या प्रभागात कुणी केला नसेल. ग्रुपवर गुलमोहराचे फोटो आले. पक्ष्यांचे आले. 'झाडाला वेदना होतात' असा जगदीशचंद्र बोस यांच्या फोटोसकट मेसेज आला. परवानगीच्या अर्जानंतर महापालिकेची नोटीस गुलमोहराला चिकटवली गेली, आणि तिच्यावर आमच्या सोसायटीतून एकच लेखी हरकत गेली: सेक्रेटरींची. अर्जावर सही सेक्रेटरींची, हरकतीवर सही सेक्रेटरींची. उद्यान खात्याचे साहेब दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत होते म्हणे.

मला अप्पा तेव्हा पहिल्यांदा कळले. आपण लावलं ते झाड, आणि आपल्याआधी होतं ते अडचण, एवढीच त्यांची वनस्पतिशास्त्राची वाटणी होती. बहुतेकांची असते.

शेवटी घसरगुंडीने निकाल लावला. धाकटी नात सुट्टीत आली आणि थेट गुलमोहराखाली घसरगुंडीवर चढली. अप्पा गॅलरीतून बघत होते. 'उद्या काही झालं तर?' हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला विचारला असावा. हरकत मागे घेतली गेली.

गुलमोहर उतरला त्याच आठवड्यात रेन ट्रीची छाटणी झाली. पोरं दोरावर वर चढली आणि अप्पा खाली खुर्ची टाकून बसले. जड फांदी कशी काढायची ते मी तेव्हा पाहिलं. आधी जरा पुढे, खालच्या अंगाने अर्धवट काप. मग त्याच्याही थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. मग राहिलेलं खुंट, फांदी खोडाला मिळते तिथे जो फुगीर कंगोरा असतो, तो राखून, त्याच्या लगेच बाहेर. जखम त्याच कंगोऱ्यातून भरत येते. एका वेळी पावहून जास्त हिरवाई काढायची नाही, हे ती मुलगी पोरांना वारंवार बजावत होती. अप्पा मध्येच उठून डांबराचा डबा घेऊन आले. कापाला डांबर लावायचं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. तिने नको म्हटलं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली होती. झाड कुजलेला भाग आतल्या आत भिंत घालून वेगळा करतं आणि वरून फासलेल्या लेपाने कूज थांबत नाही, असं त्यांनी दाखवलं. अप्पांनी डबा खाली ठेवला, पण झाकण लावलं नाही. जरा वेळाने गेटचा खांब डांबरलेला दिसला.

ब्लॉक बुंध्यापासून मीटरभर मागे सरकले. तपासणी दर वर्षी फेब्रुवारीत करायची, असा ठराव झाला, आणि तो मांडताना अप्पांनी 'माझ्या कारकिर्दीत सुरू झालेलं वृक्ष-ऑडिट' असा उल्लेख केला. आता शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी त्यांच्याकडे सल्ल्याला येतात. अप्पा त्यांना घेऊन फिरतात, बुंध्यावर छत्रीची मूठ वाजवतात आणि कान देतात. बद आणि भरीव यांतला फरक त्यांना कळतो की नाही, हे मी विचारलेलं नाही.

राहता राहिली ग्रॅनाइटची पाटी. गुलमोहर गेल्यावर ती काही दिवस ऑफिसात कपाटामागे होती. मग अप्पांनी प्रस्ताव ठेवला की, पाटी वाया घालवण्यापेक्षा ती रेन ट्रीला लावावी. हे झाड अप्पांच्या जन्माच्या वेळीही असेल कदाचित, असं बंगलेवाल्यांच्या सुनेने निदर्शनास आणून दिलं. तरीही प्रस्ताव बहुमताने मंजूर झाला. फक्त पाटी खिळे ठोकून लावायची नाही, एवढं इतिवृत्तात लिहून घेतलं आहे.