लाकूड फुकट, पिकअप महाग

अमेरिकेत पेट्रोल जरा महागलं, की अलाबामाकडच्या काही गृहस्थांना लाकडाच्या वायूवर धावणाऱ्या पिकअपचे डोहाळे लागतात. मग वधूसंशोधन सुरू. जुनीच हवी, कार्बुरेटरवाली, कॉम्प्युटरचं तोंड न पाहिलेली. इंजिन मात्र दणकट व्ही-८, कारण या वायूत जवळजवळ निम्मा नायट्रोजन. तो जळत नाही आणि ताकद चांगलीच घटते. हौदा लांब हवा, त्यात भट्टी, गाळणी आणि सरपणाची पोती मावली पाहिजेत. पत्र्याला गंज नको. अशी सर्वगुणसंपन्न गाडी बघायला मंडळी शेकडो मैल जातात. पेट्रोलवर!

पुढे लिटरभर पेट्रोलच्या जागी दोन-अडीच किलो सुकं लाकूड लागतं. ते कापायला चेनसॉ, तीही पेट्रोलची. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आलं तेव्हा आपल्याकडेही कोळशाच्या वायूवर बस धावल्या. पण ती अडचण होती, हौस नव्हे.

तरीही घ्यायचीच असेल, तर डिझेलची घेऊ नका. या वायूला ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ती नसते, म्हणून थोडं डिझेल जाळावंच लागतं.