पन्नाशीतला शोध

पन्नाशी उलटली की मुंबईच्या चाकरमान्याला स्वतःचा शोध घ्यावासा वाटतो, आणि तो हमखास कुणकेश्वरच्या पुळणीवर लागतो. राजीनामा खिशातच राहतो. रजा संपली की हापूसच्या दोन पेट्या घेऊन स्वारी परत. त्यापेक्षा कुणकेश्वरच्या देवळाच्या आख्यायिकेतला परदेशी व्यापारी बरा म्हणायचा. वादळात गलबत सापडलं, किनाऱ्यावर दिवा दिसला, नवस बोलला. आणि वाचल्यावर देऊळ खरंच बांधलं!

खाली वेंगुर्ल्याला, मांडवी खाडीत, ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. घरचं आवरून वल्हं हातात घेतलं. आत्मशोधाला सवड कुठली? आमच्या चाकरमान्यांनी त्या होडीत बसून फोटो मात्र झकास काढला. खाली ओळ, ‘नवी सुरुवात’. वल्हवणाऱ्या बाईंचा अर्धा हात तेवढा आलाय त्यात.