तिसऱ्या वायरचे काय केलेत?

प्रति,
एमएच ३२ पासिंगच्या पांढऱ्या गाडीचे मालक,
मु. पो. वर्धा
(पूर्ण नंबर तोंडपाठ आहे, शेजारधर्म म्हणून लिहीत नाही.)

विषय : आपल्या गाडीला बाहेरून बसवलेल्या एलईडी दिव्यांबद्दल अभिनंदन.
संदर्भ : आपण देवळी रोडवर माझ्या डोळ्यांत पाठवलेला प्रकाश.

महोदय,

वर्धा जिल्ह्यात उजेडाची एवढी टंचाई आहे, हे आजवर कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली त्याच्याच चपलेखाली दडते आणि रस्त्यावर लाखभर लक्स उजेड पडतो. गुरेसुद्धा सावली धरून उभी असतात. एवढ्याने भागणार नाही हे ओळखून आपण बंपरला दोन दिवे लावून घेतलेत. सूर्यनारायणाला मदतनीस नेमणारा माणूस आमच्या कॉलनीत राहतो, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे.

कोणी खवचटपणे म्हणेल की दिवसा लावायचे हे दिवे थंड देशांसाठी निघाले. ते खरेच आहे. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसाही दिवे लावायला सांगितले, स्वीडनने १९७७ मध्ये तो नियम बाराही महिन्यांना लावला. डिसेंबरात हेलसिंकीचा सूर्य सकाळी सव्वानऊनंतर उगवतो आणि तीन वाजून गेले की आवरून निघतो. मधल्या वेळातही तो क्षितिजाला टेकूनच असतो. अशा राखाडी उजेडात राखाडी गाडी दिसावी म्हणून हा खटाटोप. युरोपात ७ फेब्रुवारी २०११ पासून कारच्या प्रत्येक नव्या मॉडेलला हे दिवे सक्तीचे झाले. त्याआधीच, २००४ मध्ये, ऑडीने आपल्या ए-८ गाडीला त्यासाठी एलईडी बसवले आणि सुरक्षेची वस्तू एकदम दागिना झाली. गाडीला पापण्या आल्या, भुवया आल्या. त्या भुवया हजार-बाराशेला जोडी या भावाने आपल्या दुकानांत पोचायला थोडी वर्षे लागली, एवढेच.

आपल्याकडे दिवसा दिवा म्हणजे काय, हे २०१७ साली सर्वांनी अनुभवले आहे. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून नव्या दुचाकींचा दिवा गाडी सुरू होताच आपोआप लागू लागला. बंद करायचे बटणच नाही. आठवते ना? समोरून येणारा प्रत्येक भला माणूस हाताची मूठ उघडझाप करून खुणावायचा, लाइट चालू आहे! बायका स्कुटी थांबवून सांगायच्या. वर्ध्याहून सेवाग्रामला जाईपर्यंत मान हलवून हलवून दुखायची. फुकट जळणाऱ्या दिव्याची एवढी काळजी करणारा हा जिल्हा. त्याच जिल्ह्यात आपण पदरचे पैसे खर्चून भर उन्हात दिवा जाळता. याला धाडस लागते.

(सेवाग्रामचे नाव आलेच आहे, पण बापूंचा दाखला देऊन मी आपल्याला साधेपणा शिकवणार नाही. वर्धेकराने वर्धेकराला हे करायचे नसते.)

आता दिवे बसवले त्या दिवसाकडे येऊ. दुकानात मी आपल्यासोबत होतो, चहाही आपणच पाजलात, म्हणून जे पाहिले ते लिहितो. खोक्यातून दोन पट्ट्या निघाल्या. प्रत्येकीला तीन वायरी : तांबडी, काळी आणि निळी. दुकानातल्या पोराने तांबडी थेट बॅटरीच्या प्लसला नेली, मध्ये एक बटण काढून दिले, काळी बॉडीला स्क्रूखाली दाबली. निळी मात्र त्याने बोटाभोवती गुंडाळली, टोकाला टेप मारली आणि बंपरच्या आत सारून दिली. मी विचारले, ही कशाची? तो म्हणाला, "हिचं काही काम नाही जी. एक्स्ट्रा येते." आपण मान डोलावलीत. मीही चहा पीत राहिलो.

थेट बॅटरीला जोडण्याचा पराक्रम पुढच्याच आठवड्यात कळला. दोन्ही पट्ट्या मिळून वीस वॅट धरल्या तरी पावणेदोन अँपिअर करंट जातो. पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर एक दिवसही काढत नाही. शनिवारी रात्री लग्नाहून येऊन आपण बटण बंद करायचे विसरलात, रविवारी संध्याकाळी गाडीने हूं की चूं केले नाही. बनियनवर येऊन धक्का मारणाऱ्यांत मी होतो. इग्निशन चालू असतानाच करंट मिळेल अशा फ्यूजवरून, मध्ये रिले टाकून ही जोडणी करतात. किल्ली काढली की दिवा आपोआप विझतो. अर्ध्या तासाचे जास्तीचे काम. पण मग कॉलनीचा व्यायाम बुडाला असता.

मे महिन्याने दुसरा धडा दिला. डाव्या भुवईची दुहेरी टेप उन्हाने सुटली आणि ती लोंबायला लागली. आपण ती फेविक्विकने चिकटवली, पण जरा तिरपी. तेव्हापासून आपली गाडी समोरून येताना संशयाने बघते. अंधारातही मी तिला ओळखतो ते यामुळेच.

आणि आता संदर्भ. डिसेंबरची संध्याकाळ, साडेसहा-सातची. कापसाचा हंगाम. देवळी रोडवर माझ्या स्कूटरपुढे एक ट्रॅक्टर चालला होता. ट्रॉलीत कापूस इतका भरलेला की दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखा बाहेर आलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर ताडपत्रीखाली. तरी मला तो दिसत होता, कारण माझा स्वतःचा दिवा होता आणि डोळे अंधाराला सरावले होते. तेवढ्यात समोरून आपली तिरपी भुवई उगवली. ट्रॉली रस्त्यावरून पुसली गेली. ट्रॅक्टर नाही, रस्त्याची कड नाही, फक्त दोन पांढऱ्या रेघा. तोंडावर कापसाचे पुंजके येऊन बसले तेव्हा मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीचा फाळका हातभर पुढे होता. आपण हॉर्न वाजवून गेलात. ओळख ठेवलीत, आभारी आहे.

दिवा लावावा तो इतरांना आपण दिसावे म्हणून. आपण दिसलात, याबद्दल तक्रार नाही. पण त्या रस्त्यावर आपल्याशिवाय दुसरे काहीच दिसले नाही.

याचे कारण ती निळी वायर. हेडलाइटच्या लोबीमला वरून कापलेली कड असते. प्रकाश रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत सहसा जात नाही. दिवसाच्या दिव्याला अशी कड नसते, कारण त्याचे कामच समोरच्याच्या डोळ्यांत भरणे. आंतरराष्ट्रीय नियमात त्याची तीव्रता ४०० ते १,२०० कँडेला ठरवली आहे. दिवसा ती ठीक. रात्री तीच डोळ्यांवर पडदा टाकते, म्हणून हेडलाइट लागला की हा दिवा विझला पाहिजे किंवा मंद झाला पाहिजे असा दंडक आहे. हेडलाइट लागल्याची बातमी त्याला पोचवणारी वायर म्हणजे निळी. तिला टेप मारून बंपरात कोंडल्यापासून आपल्या दिव्याला रात्र झालेली कळतच नाही.

कायद्याचे मी बोलणार नव्हतो. पण गेल्या दिवाळीत आपण पट्टीला रिमोट घेतलात आणि बर्फगार पांढऱ्याच्या जोडीला लाल-निळी लुकलुक सुरू केलीत. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. ती उणीव आपल्या कॉलनीने भरून काढावी हे कौतुकास्पदच, पण गाडीच्या पुढे लाल दिवा दाखवायला मोटार वाहन नियमांत मनाई आहे. शिवाय परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, असे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात घातले आहे. डावी-उजवी भुवई मिळून एक बदल धरतात की दोन, हे आरटीओत जाऊन विचारायचे धाडस मला झाले नाही. आपण विचारावे. जाताना दिवे चालू ठेवून जावे, म्हणजे नमुना वेगळा न्यायला नको.

तरी दिवे काढा असे मी म्हणणार नाही. हौसेला मोल नसते आणि पापणी उपटली तर बंपरचा रंगही जाईल. दिवसा खुशाल लावा. बोरधरणाच्या रस्त्याला, झाडीतल्या उन्हा-सावलीत, आषाढातल्या झडीत त्याचा खरोखर उपयोग होतो, समोरची गाडी लवकर नजरेत येते. फक्त येत्या रविवारी बंपर खोलू. पक्कड माझी, चहा आपला. निळी वायर हेडलाइटसोबतच लागणाऱ्या पार्किंग लाइटला जोडायला फार तर तासभर लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
समोरून येणारा

ता. क. : लाल रिफ्लेक्टर टेपचे एक भेंडोळे आणून ठेवले आहे. वायरीचे काम उरकले की त्या ट्रॉलीवाल्याच्या फाळक्याला ती लावून येऊ. तो देवळीकडचाच आहे. मी त्या संध्याकाळी त्यालाही चार शब्द सुनावले, त्यानेही मला सुनावले. येणार असाल तर आधी तोंडी सांगा. डिपर देऊन कळवू नये.