डाव्या पायाला काम

पुण्यातल्या माझ्या चुलत भावानं गेल्या दिवाळीत ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि लगेच मला व्हिडिओ कॉल लावला. "आजपासून डाव्या पायाला पेन्शन!" तो म्हणाला. सिंहगड रस्त्यावर क्लच दाबून दाबून त्याची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड झाली होती, असं त्याचं म्हणणं. मी त्याचं अभिनंदन केलं, पण उताण्या अवस्थेत. कारण त्या वेळी मी इकडे मिशिगनमध्ये गॅरेजच्या थंडगार फरशीवर पडून १९७० सालच्या शेवरोले सी-१० पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खाली उतरवत होतो. त्या जागी चार गिअरांचा, जमिनीतून दांडा वर येणारा, बिडाचा मॅन्युअल गिअरबॉक्स चढवायचा होता.

"बिघडलाय का तो?" भावानं विचारलं.

"नाही, उत्तम चालतो."

थोडा वेळ दोन्ही खंडांवर शांतता. मग तो म्हणाला, "म्हणजे तू डॉलर मोजून सिंहगड रस्ता घरी आणतोयस."

बायकोचा प्रश्न याहून छोटा होता. तिनं नुसतंच "का?" विचारलं. नवऱ्याच्या हौशीला विचारायचा हा सर्वांत अडचणीचा प्रश्न. दारू, रमी, शेअर बाजार यांना निदान काही खोटी तरी उत्तरं आहेत. धड चालणारा गिअरबॉक्स काढून दुसरा बसवण्याला तेवढंही नाही. मी तिला सांगितलं की या पिकअपमध्ये बसलं की मला प्रवासी असल्यासारखं वाटतं. आठ सिलिंडरांचं ५.७ लिटरचं इंजिन पुढे धडधडतंय आणि आपलं काम काय, तर एक पाय ठेवणे. ती म्हणाली, "घरातही तुझं काम तेवढंच आहे. तिथं काही काढून बसवावंसं वाटत नाही ते?"

मी राहतो त्या प्रदेशात हे करणं म्हणजे थोडंसं यजमानाच्या तोंडावर बोलण्यासारखंच आहे. क्लचचं पेडल जगातून हद्दपार करायचा घाट इथंच घातला गेला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला संपूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हायड्रामॅटिक. तो जनरल मोटर्सनं १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी आणला. त्यामागच्या चमूचा म्होरक्या अर्ल थॉम्पसन. गंमत अशी की याच माणसानं आधी सिंक्रोमेश शोधून काढला होता, जो १९२८ मध्ये कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी गिअर बदलणं म्हणजे दातावर दात आपटून सगळ्या गल्लीला कळवणं. थॉम्पसननं प्रथम हातानं गिअर टाकणं सोपं केलं आणि मग अकरा वर्षांत तेही बंद करून टाकलं. सून आली की सासूला स्वयंपाकघर सुटत नाही. या गृहस्थाला मात्र स्वतःच्याच शोधाचा मोह सुटला. पुढे युद्धात हायड्रामॅटिक रणगाड्यांत गेला. शत्रू समोर असताना हाफ क्लचवर लक्ष ठेवायला नको, हा विचार मला पूर्ण मान्य आहे.

१२ ऑगस्ट १९५३ रोजी इथल्याच लिव्होनियातला हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत खाक झाला. गॅस कटरची ठिणगी निमित्त झाली. कॅडिलॅकला गिअरबॉक्स मिळेनात. तेव्हा त्यांनी नाक मुठीत धरून ब्यूइकचा डायनाफ्लो आपल्या गाड्यांत बसवला. जी माणसं दुसऱ्याचा गिअरबॉक्स बसवायला तयार झाली, पण कॅडिलॅकच्या गिऱ्हाइकाला "काही महिने क्लच दाबा" म्हणायला धजली नाहीत, त्यांच्या गावात मी हे आरंभलं होतं. आमचे शेजारी गिअरबॉक्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहायचे, माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. "आम्ही तीस वर्षं तिसरं पेडल काढण्यात घालवली," ते एकदा म्हणाले. मग हातातला मग खाली ठेवला आणि विचारलं, "जॅक कुठाय?"

मी जो आणला त्या गिअरबॉक्सचं नाव एसएम-४६५. मन्सी घराण्यातला. वजन सत्तर-ऐंशी किलो, आणि उचलायला एकही सोयीची जागा नाही. त्याच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ६.५५. म्हणजे इंजिन साडेसहा वेळा फिरावं तेव्हा मागचा शाफ्ट एकदा कूस बदलणार. पहिल्यात गाडी टाकून पाय काढून घेतला तर ती इतक्या सावकाश चालते की शेजारून पायी जाणारा माणूस पुढे निघून जातो. अमेरिकेत याला आजीचा गिअर म्हणतात. गवताचे भारे, दगड, चिखल असल्या कामांसाठी तो दिलेला. पंप किंवा विंच जोडायला अंगावर दोन्ही बाजूंना तोंडं. आमच्या पिकअपमधून आजवर वाहिलेला सर्वांत जड माल म्हणजे मंडळाच्या गणपतीचं मखर. पण गिअरबॉक्सला ते कुठं माहीत?

मॅन्युअल गिअरबॉक्स कधी एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. ऑटोमॅटिकची पातळ चकती निघाली की तिच्या जागी जाडजूड फ्लायव्हील. फ्लायव्हीलवर क्लच प्लेट, तिच्यावर प्रेशर प्लेट, मग रिलीज बेअरिंग, ते ढकलणारा फोर्क आणि या सगळ्यांना पोटात घेणारं बेल हाउसिंग. तेही कारचं चालत नाही, ट्रकचंच लागतं, कारण या गिअरबॉक्सची पुढची गळपट्टी रुंद. ब्रेकचं रुंद पेडल काढून त्या जागी दोन अरुंद पेडलं. पेडलापासून फोर्कपर्यंत जोर नेणारी झेड-बार नावाची आडवी सळी. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली, तो वर्कशॉपमध्ये. स्पीडोमीटरची केबल रुसली. मागचा क्रॉसमेंबर म्हणाला, मी इथं बसणार नाही. प्रत्येकाचं वेगळं दुकान, प्रत्येकाचा वेगळा कुरिअर. बायकोनं दारातल्या खोक्यांवर "मुलीकडचे" आणि "मुलाकडचे" असं मार्करनं लिहायला सुरुवात केली.

यात सर्वांत क्षुल्लक वस्तू म्हणजे पायलट बुश. क्रँकशाफ्टच्या शेपटाला असलेल्या भोकात बसणारी अंगठीएवढी पितळी वस्तू. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक तिच्यात टेकतं. ऑटोमॅटिकला ती लागतच नाही. पण आमच्या क्रँकमध्ये डोकावलं तर तिथं एक जुनी, झिजलेली बुश आधीपासूनच होती! म्हणजे हे इंजिन पूर्वाश्रमीचं क्लचवालंच. कुठल्यातरी मालकानं कधीतरी सुखाच्या शोधात गिअरबॉक्स बदलला आणि बुश आत तशीच राहिली. मी तिला बायकोसमोर पुरावा म्हणून सादर केलं. "बघ, मी काही बसवत नाहीये. घरवापसी करतोय." ती म्हणाली, "ती निघतेय का ते बघ आधी."

ती निघत नव्हती. पुढे भोक, मागे क्रँकची भिंत. पकडायला कड नाही. तेव्हा शेजाऱ्यांनी गंभीरपणे विचारलं, "घरात ब्रेड आहे?" मला वाटलं, भूक लागली असेल. पण ही इथली जुनी युक्ती आहे. भोकात ओला ब्रेड ठासून भरायचा, बुशमध्ये नेमका बसेल असा दांडा लावायचा आणि हातोडी मारायची. ब्रेड दाबला जातो, त्याला जायला वाट नसते, तो बुशच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. पास्कलचा नियम, शाळेत आम्हाला तो ब्रेडशिवाय शिकवला म्हणून कधी पटला नव्हता. घरात ब्रेड नव्हता. कालच्या पोळ्या होत्या. शेजाऱ्यांनी पोळी हातात घेऊन उलटसुलट केली, वास घेतला आणि "चालेल" म्हणाले. पाण्यात भिजवून, कुस्करून ठासली. हातोडीच्या प्रत्येक घावाला पोळी आत जात होती आणि बुश केसभर बाहेर येत होती. शेवटी ती सटकन बाहेर आली, मागोमाग शिळ्या पोळीची वळकटी. माझ्या बायकोच्या पोळ्या घट्ट असतात हे इतकी वर्षं मी मनात ठेवलं होतं; त्या दिवशी स्तुती म्हणून मोठ्यानं म्हणता आलं. स्तुती म्हणून ती घेतली गेली नाही.

बाकी काम मग भराभर झालं. या गाडीच्या फरशीतला मधला उंचवटा बोल्टांनी बसवलेला असतो. सखल काढून उंच आणला, त्यातून लांब, वाकडा दांडा वर आला, वर काळा गोळा. कापाकापी नाही. ऑटोमॅटिक पार्कमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरू द्यायचा नाही असा एक स्विच होता, त्याच्या दोन वायरी जोडून टाकल्या. तेव्हापासून आमची गाडी पहिल्यात असताना चावी फिरवली तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच चालू लागते. नुसत्या स्टार्टरवर, नुसत्या बॅटरीवर. हल्ली लोक विजेच्या गाड्यांना कितीतरी पैसे मोजतात.

स्टिअरिंगखालचा ऑटोमॅटिकचा दांडा मात्र मी काढला नाही. आता तो कशालाच जोडलेला नाही. त्याला वर-खाली करता येतं, जवळचा काटाही इमानेइतबारे हलतो, गाडीवर परिणाम शून्य. पाहुण्यांच्या मुलांना खेळायला देतो.

एप्रिलमध्ये सासरे आले. सासरे म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. कुंभार्ली घाटातून चिपळूण–कऱ्हाड गाडी नेण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मुलीच्या घरातला डिशवॉशर, व्हॅक्यूम करणारी थाळी, आपोआप उघडणारं दार यातलं काहीही त्यांच्या नजरेत भरलं नव्हतं. गॅरेजमध्ये त्यांना नेलं. त्यांनी तो लांब दांडा पाहिला, गोळ्यावर तळहात ठेवला, न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे हलवला आणि पहिल्यांदाच चेहऱ्यावर माणूस ओळखीचा भेटल्यासारखं काहीतरी आलं.

"जावईबापू, पहिल्याला सिंक्रो नाही दिसत?"

नाही. या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. थॉम्पसनसाहेबांची कृपा दुसऱ्यापासून वर. म्हणून इथले लोक सरळ दुसऱ्यातच गाडी उचलतात, मीही. हे सांगितल्यावर सासऱ्यांचा आवाज डेपोतला झाला. "पहिला दिलेला असताना दुसऱ्यात उचलायची? क्लच प्लेट काय महामंडळाची आहे?"

ओळखीच्या एका शेतकऱ्याची खासगी वाट आहे, तिथं त्यांच्या हाती गाडी दिली. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे जन्मभर डाव्या हातानं टाकलेला गिअर आता उजव्या हातानं. क्लच मात्र देश कुठलाही असो, डाव्याच पायाला. दहा-बारा पावलं त्यांचा डावा हात दाराच्या काचेत गिअर शोधत राहिला. मग जुळलं. पुढं चढ होता. गाडी दुसऱ्यात चालू असतानाच त्यांनी क्लच दाबला, दांडा न्यूट्रलला आणला, क्लच सोडला, ॲक्सिलरेटर एक चापटी मारल्यासारखा दिला, पुन्हा क्लच आणि दांडा पहिल्यात. आवाज नाही. खरखर नाही. लोण्यात सुरी म्हणणार होतो, पण एक उपमा वऱ्हाडाच्या नावे आधीच खर्च झाली आहे. चालत्या गाडीत तो पहिला मी कधीही न कुरकुरता टाकलेला नाही. शेजारी मागच्या हौद्यात उभे होते. त्यांनी तिथूनच टोपी काढली.

उतरल्यावर मी विचारलं, "कशी आहे?"

"गाडी बरी आहे," सासरे म्हणाले. "घंटी नाही."

मग त्यांनी स्टिअरिंगखालचा तो मोकळा दांडा वर-खाली करून पाहिला. तो कशाला जोडलेला नाही हे कळल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. "म्हणजे आधी हिचं सगळं आपोआप व्हायचं?" मी हो म्हणालो. "मग तुम्ही इथं बसून काय करायचात? तिकीट काढून मागं बसायचं की."

इतके महिने बायकोच्या "का?"चं उत्तर मी शोधत होतो ते हे. मी तिच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तिनं वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला महिन्याला पगार मिळायचा. हा घरून भरतो."

परवा एका रिसेप्शनला ही गाडी घेऊन गेलो. हॉटेलच्या दारात व्हॅलेटचा मुलगा धावत आला, आत बसला, तिन्ही पेडलांकडे पाहिलं आणि तितक्याच लगबगीनं उतरला. त्यानं आपल्या मोठ्या साहेबाला बोलावलं, साहेबानं आणखी मोठ्या साहेबाला. शेवटी मी शेरवानीत स्वतः गाडी लावून आलो आणि टिप मात्र दिली. इथं गाडी चोरायला आलेले चोर क्लच पाहून पळून गेल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. विम्याच्या कंपनीला मी त्याबद्दल सवलत मागितली. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.

भावाचा परवा पुन्हा फोन होता. त्याच्या गाडीतला गिअरबॉक्स खरं म्हणजे साधा मॅन्युअलच. क्लच दाबायचं काम फक्त यंत्राला दिलेलं. मारुतीनं २०१४ मध्ये सेलेरिओत हा प्रकार भारतात आणला आणि आता घरोघरी झाला. चढावर ते यंत्र थोडं अडखळतं म्हणे, गिअर बदलताना मान पुढे जाते. त्याच्या बायकोनं त्याला ऐकवलं, "यापेक्षा तू बरा टाकायचास की." हे सांगताना तो जरा खूश वाटला. डाव्या पायाचं पेन्शन मात्र चालूच आहे.

तर मुद्द्याचं बोलतो. गाडीतून काढलेला टर्बो हायड्रामॅटिक-३५०, चालू स्थितीत, गॅरेजच्या डाव्या कोपऱ्यात एका ट्रेमध्ये ठेवला आहे. खालून लाल तेल अगदी थोडं ठिबकतं, तो त्याचा स्वभाव आहे. पन्नास-पंचावन्न किलो असेल. कुणा वाचकाला हवा असेल तर फुकट घेऊन जा. येताना दोन माणसं आणा आणि शक्यतो बायको घरी असताना या. गेला हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं.