सगळे आले पाहिजेत

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटरपेक्षा कमी फोकल लेंथ असलेल्या लेन्सला अल्ट्रा-वाइड म्हणतात. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तेच काम 16 च्या आतल्या लेन्स करतात. 50 मिलिमीटरची साधी लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे 46 अंश पाहते. 14 मिलिमीटरची 114 अंश पाहते, आणि हात जरा खाली कलला की फोटोवाल्याचे बूटही पाहते. मोबाइलमध्ये ती 0.5 या आकड्यामागे बसलेली असते. 2019 मध्ये आयफोन 11 ही लेन्स घेऊन आला. 'पॉइंट फाइव्ह कर ना' ही विनंती आता लग्नघरात 'पाणी दे ना' इतकीच सहज केली जाते.

या लेन्सबद्दलचा सर्वात मोठा गैरसमज असा, की ती सगळ्यांना फोटोत सामावून घेण्यासाठी असते. नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडवरच्या वाडीत हा गैरसमज साक्षगंधाच्या मोसमात विशेष फोफावतो. फ्लॅटचा हॉल दहा बाय चौदाचा. त्यात दोन्हीकडची मिळून तीस-पस्तीस माणसे, सोफा, खिडकीतला कूलर आणि कूलरसमोरून न हलणारे एक काका. फोटोवाला मागे सरकत सरकत फ्रिजला टेकतो. "सगळे येऊन राहिले का जी?" अशी चौकशी तीन दिशांनी होते. 16 मिलिमीटर लावली की सगळे येतात. कसे येतात, हा विषय अल्बम आल्यावर निघतो.

कडेला उभ्या असलेल्या माणसांचे जे होते त्याला शुद्ध भूमिती जबाबदार आहे. सरळ रेघ सरळच ठेवायची, भिंत वाकू द्यायची नाही, असा या लेन्सचा बाणा असतो. त्याची किंमत चौकटीच्या कडेला मोजावी लागते. तिथे गोल वस्तू बाहेरच्या दिशेला ओढली जाते. 16 मिलिमीटरला फोटोच्या डाव्या-उजव्या टोकाशी आलेला चेंडू उंचीच्या दीडपट रुंद दिसतो, आणि माणसाचे डोके भूमितीच्या दृष्टीने चेंडूच असते. गंमत अशी, की समोरच्या भिंतीवरचे घड्याळ कडेला असले तरी गोलच राहते, कारण ते सपाट आहे आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरला समांतर टांगलेले आहे. त्याच्याखालचा माठ मात्र आडवा होतो. माठाशेजारी उभ्या असलेल्या मामींचेही तेच होते. हे मामींना समजावून सांगण्याची जबाबदारी आजवर कोणत्याही फोटोवाल्याने स्वीकारलेली नाही.

यावर उपाय साधा आहे. चेहरे मधल्या भागात ठेवावेत आणि कडांना कूलर, पडदा, दाराची चौकट अशा वस्तूंना उभे करावे. कूलर दीडपट रुंद दिसला तर त्याची तक्रार येत नाही. उलट घरमालक खूश होतो. माशाच्या डोळ्यासारखी म्हणून जिला फिशआय म्हणतात, ती लेन्स वापरली तर डोकी बरीचशी गोल राहतात, पण भिंती वाकतात. रॉबिन हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात तशी लेन्स केली ती आकाशातल्या ढगांचे फोटो घेण्यासाठी. ढगांना नातेवाईक नसतात.

दुसरा गैरवापर फ्लॅट स्कीमच्या जाहिरातीत दिसतो. खोलीच्या कोपऱ्यात पाठ लावून, कॅमेरा कंबरेइतका खाली धरून 14 मिलिमीटरने फोटो काढला की दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये बॅडमिंटनचे कोर्ट आखता येईल असे वाटू लागते. ही खोटी खोली नव्हे. जवळची फरशी मोठी आणि समोरची भिंत लहान झाल्यामुळे ती लांब वाटते, एवढेच. घर घेणाऱ्याने अशा फोटोत जवळच्या आणि दूरच्या फरशीचा आकार ताडून पाहावा. पुढची फरशी रुमालाएवढी आणि मागची पोस्टाच्या तिकिटाएवढी असेल, तर प्रत्यक्ष पाहायला जाताना टेप न्यावा.

पण ज्या गुणामुळे जाहिरात फसवते, तोच या लेन्सचा खरा उपयोग आहे. वाडीत ट्रान्सपोर्टची गोदामे आहेत आणि त्यांच्याबाहेर माल उतरायची वाट पाहणारे ट्रक. अशा ट्रकच्या हेडलाइटपासून दोन फुटांवर 16 मिलिमीटर घेऊन बसावे. ट्रकची लांबी वीस फूट धरली, तर मागचे टोक कॅमेऱ्यापासून बावीस फुटांवर पडते, म्हणजे हेडलाइटच्या अकरापट दूर. तिथली तेवढ्याच आकाराची वस्तू अकराव्या हिश्शाएवढी उमटते. हेडलाइट परातीएवढा, बंपरवरचे लिंबू-मिरची अंगावर आल्यासारखे, आणि मागचा सगळा ट्रक शेपटासारखा निमुळता. आता तोच फोटो मागे जाऊन, हेडलाइटपासून वीस फुटांवरून काढावा. मागचे टोक चाळीस फुटांवर, म्हणजे फक्त दुप्पट दूर. ट्रक पुन्हा आरटीओच्या कागदपत्रांतला ट्रक होतो. ही करामत काचेची कमी आणि पायांची जास्त आहे. जवळ-दूरचे प्रमाण उभे राहण्याच्या जागेवर ठरते. लेन्स फक्त इतक्या जवळूनही आख्खा ट्रक चौकटीत बसवते. म्हणून ती वापरताना मागे सरकायचे नसते, पुढे सरकायचे असते. आधी ड्रायव्हरला विचारून, हे ओघाने आलेच.

इमारतीपुढे मात्र वेगळी शिस्त लागते. दीक्षाभूमीचा स्तूप 2001 मध्ये लोकार्पण झाला. घुमटाचा व्यास आणि उंची दोन्ही 120 फुटांच्या घरात सांगतात. नवखा माणूस पायऱ्यांजवळ जातो, कळस येत नाही म्हणून लेन्स वर करतो आणि स्तूप पाठीमागे रेलतो. कॅमेरा वर कलला की उभ्या रेघा एकमेकींकडे झुकतात, आणि लेन्स जितकी वाइड तितकी ही खोड दांडगी. कॅमेरा पाणसळीत धरावा, कळस येईपर्यंत मागे जावे आणि खालच्या अर्ध्या चौकटीत जे मोकळे आवार येते त्यात काहीतरी असेल असे पाहावे: माणसे, ओल्या फरशीतले प्रतिबिंब, निदान सावली. काहीच नसेल तर तेवढा भाग कापून टाकावा. फुटाळा तलावावर संध्याकाळी काढलेले हजारो फोटो याच एका कारणाने वाया जातात. पुढे काही नाही, मागे काही नाही, मधे एक बारीक पाण्याची रेघ.

या लेन्सचा नागपुरातला सणाचा दिवस म्हणजे तान्हा पोळा. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत चालू राजकारणावर तोंडसुख घेणारे पुतळे, म्हणजे बडगे, असतात, आणि इतवारी-महालच्या गल्ल्यांत मागे सरकायला वीतभरही जागा नसते. डोळ्याला कॅमेरा लावण्याइतके कोपर उघडणेही शक्य नसते. तिथे 16 मिलिमीटर, एफ 8, आणि फोकस हाताने एक मीटरच्या जरा पुढे लावून ठेवावा. अर्ध्या मीटरपासून थेट अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. मग कॅमेरा डोक्यावर धरून, न वाकवता बटण दाबत राहावे. शेजाऱ्याचा मोबाइल धरलेला हात मारबतीहून मोठा येण्याची शक्यता धरून चालावे.

काही उपद्रव उपकरणाचेच आहेत. बऱ्याच अल्ट्रा-वाइड लेन्सची पुढची काच भिंगासारखी फुगीर असते. निकॉनच्या 2007 च्या 14-24 वर म्हणूनच साधा फिल्टर बसत नाही, आणि ट्रकने उडवलेली धूळ थेट काचेवर येते. ती शर्टाच्या टोकाने पुसू नये. जिथे पोलरायझर बसतो तिथेही जपून: आकाशाचा निळा रंग सूर्यापासून काटकोनातच गडद होतो, त्यामुळे एवढ्या रुंद चौकटीत निम्मे आकाश फिके आणि मधे एक गडद डाग येतो. विजेच्या तारा तर येतातच. वाडीला लागून अंबाझरीची आयुध निर्माणी आहे, आणि अशा परिसरात फोटोला मनाई असते. लेन्स कुठवर पाहते आहे याचे भान तिथे कॅमेरा काढण्याआधीच ठेवावे. 'ते चुकून आले' हा खुलासा पहारेकऱ्याला पटत नाही.

तीस माणसांचा फोटो हवाच असेल, तर त्यांना गच्चीवर किंवा अंगणात न्यावे आणि 35 मिलिमीटर लावून दहा पावले मागे जावे. अल्ट्रा-वाइड घ्यायची इच्छा तरीही उरली, तर आधी दोन दिवस भाड्याने आणावी आणि मग काढलेले सगळे फोटो एका बैठकीत पाहावेत. हाताच्या अंतरावर काहीतरी असलेला एकही फोटो त्यांत सापडला नाही, तर ही लेन्स घेऊ नये. तेवढ्या पैशांत चांगला कूलर येतो, आणि तो साक्षगंधाला सगळ्यांना पुरतो.