उभ्या गाडीचे तास

नवी गाडी घेतली की लोक तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि पहिला ओरखडा पडेपर्यंत तिला जिवापाड जपतात. पोलिसांच्या गाडीच्या नशिबी हे लाड फार वेळ नसतात. नवी बोलेरो एमटीत, म्हणजे मोटार परिवहनच्या वर्कशॉपमध्ये, येते तेव्हा सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं. आम्ही तिला हार घालतो, नारळ फोडतो, आणि खोबरं वाटून संपायच्या आत ड्रिल मशीन घेऊन तिच्या छताला भोक पाडतो.

भोक वायरलेसच्या अँटेनासाठी. ती छताच्या मध्यावर बसली की उत्तम चालते, कारण खालचा सगळा पत्रा तिला साथ देतो आणि लहरी चारी दिशांना सारख्या जातात. आमच्या वायरलेसच्या लहरीची लांबी साधारण २ मीटर, तिचा चौथा हिस्सा म्हणजे अर्धा मीटर, तेवढी काठी पुरते. गणित पक्कं आहे. पण भोकाखालचा रबरी वायसर जरा कडक झाला की पहिल्या वळवात पाणी आत शिरतं, अस्तराच्या आतून गुपचूप वाट काढतं आणि बरोबर डाव्या सीटवरच्या अधिकाऱ्याच्या टोपीवर टपकतं. उजवीकडे चालक बसलेला असतो, त्याच्या डोक्यावर ते कधी पडत नाही. पाण्यालाही हुद्दा कळतो, असं माझं मत झालं आहे.

भोकानंतर तारा. कारखान्यातून गाडी निघते ती चौकोनी कुटुंबाच्या गरजा धरून. हेडलाइट, वायपर, हॉर्न आणि गाणी, झाला संसार. आम्ही तिच्यावर वायरलेसचा सेट चढवतो, छतावर दिव्यांची पट्टी, बंपरमागे सायरनचा भोंगा, गर्दीवर ओरडायला माइक, आणि हल्ली ११२ नंबरच्या कॉलसाठी जीपीएस आणि माहितीचा पडदा. प्रत्येकाचा फ्यूज वेगळा, रिले वेगळा. सगळ्यांची अर्थिंग मात्र शेवटी बॉडीच्या पत्र्यालाच. तो अर्थिंगचा बोल्ट गंजला की दिवे मिणमिणतात, सायरन गळा बसल्यासारखा कण्हतो आणि वायरलेसमध्ये अल्टरनेटरची शीळ घुमते. अॅक्सिलरेटर दाबाल तशी शीळ चढत जाते. कायद्याचा सगळा दरारा एका दहा नंबरच्या पान्यानं सुटणाऱ्या बोल्टवर उभा असतो, हे आम्ही बाहेर फारसं बोलत नाही.

वायरलेसवरून आठवलं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गाड्यांत रेडिओ बसवले, पण ते एकतर्फी होते. मुख्यालयानं बोलायचं, गाडीनं ऐकायचं. उत्तर द्यायचं तर खाली उतरून टेलिफोन शोधायचा. दोन्हीकडून बोलता येईल असा सेट न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या पोलिसांच्या गाड्यांत १९३३ साली आला. वरिष्ठांच्या दृष्टीनं खरा सुवर्णकाळ तोच असणार, ती मधली ५ वर्षं. पुढे गाडीला वाचा फुटली आणि ‘आवाज तुटतोय सर, ओव्हर’ म्हणायची सोय झाली.

हे सगळं बसवून गाडी तयार झाली की बघणाऱ्याला वाटतं, आता ही सुसाट पळणार. सिनेमानं तशी सवय लावली आहे. त्यातही हिंदी सिनेमात ती शेवटच्या मारामारीनंतरच पोचते; दोष दिग्दर्शकाचा, पण कुजकं बोलणं आम्ही ऐकतो. प्रत्यक्षात लॉगबुक उघडा. सकाळी ठाण्यातून निघून चौकात आली, ३ किलोमीटर. रात्री चौकातून ठाण्यात गेली, ३ किलोमीटर. मधल्या १४ तासांसाठी एकच शब्द: बंदोबस्त. पोलिसांच्या गाडीचं आयुष्य पळण्यात जात नाही, उभं राहण्यात जातं. आणि पळणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी सांभाळणं जास्त अवघड, हे आमच्या कामाचं सार आहे.

रात्री फोन वाजतो, गाडीवरच्या चालक काकांचा.

‘मेस्त्री, गाडीनं मान टाकली.’

‘काका, वरचे दिवे चालू होते का?’

‘म्हणजे काय? गाडी दिसली पाहिजे असा आदेश आहे.’

‘आणि इंजिन?’

‘बंद. डिझेल वाचवा असा आदेश आहे.’

दोन्ही आदेश आपापल्या जागी योग्य आहेत. त्यांची गाठ पडते ती बॅटरीत. ६० अँपिअर-तासांची बॅटरी, आणि दिवे, वायरलेस, पडदा, शिवाय सिगारेट लायटरच्या भोकात खोचलेले तिघांचे मोबाइल मिळून १० अँपिअरची ओढ धरली, तर कागदावर ती ६ तास पुरते. पण इंजिन पुन्हा सुरू करण्याइतकी ताकद शिल्लक राहायला हवी असेल, तर ३ तासांतच हात आखडावा लागतो. पुण्याची विसर्जन मिरवणूक २४ तास ओलांडून जाते. म्हणून जमेल तिथे आम्ही वायरलेस आणि दिव्यांना दुसरी बॅटरी देतो आणि इंजिनाची बॅटरी त्यांच्या हाती लागू देत नाही. जुन्या गाडीत ती सोय नसली तर मात्र जनतेवर भिस्त. अशा गाडीला ढोल-ताशा पथकातल्या पोरांनी ‘मोरया’च्या गजरात धक्का मारलेला मी पाहिला आहे. पोलीस आणि जनता यांच्यातल्या सहकार्यावर एवढी व्याख्यानं होतात, त्यातल्या एकाचाही इतका झटपट परिणाम झालेला मला आठवत नाही.

बरं, इंजिन चालू ठेवून उभं राहिलं तरी सुटका नाही. जागेवर चालणारं डिझेल इंजिन धड तापत नाही, आत काजळी धरतं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. गाडी थोडा वेळ वेगानं पळून पुरेशी तापली की अडकलेली काजळी जळून जाते. चौकात उभ्या गाडीला ते सुख कुठलं? मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि आमचं औषध ठरलेलं असतं: गाडी हायवेला न्या आणि चांगली पंचवीस-तीस मिनिटं पळवून आणा. त्यावर लॉगबुकात प्रयोजन काय लिहायचं, हा प्रश्न येतो. ‘काजळी जाळणे’ असं लिहिलं तर ऑडिटवाले विचारणार, कोणाची?

गाडी कशी जगली हे ती वर्कशॉपमध्ये आल्यावर कळतं. टॅक्सीचे ब्रेक झिजतात, ट्रकचे टायर. पोलिसांच्या गाडीत सीट मागे टाकायचा खटका लवकर ढिला होतो. ड्रायव्हर सीटची कड कमरेच्या उंचीवर फाटलेली असते, पट्ट्याच्या बकलनं. डाव्या दाराच्या आतल्या प्लास्टिकवर लाठीचे ओरखडे असतात. रबरी मॅटला टाचेखाली भोक पडलेलं असतं. सन व्हायजर खाली ओढला की चिठ्ठ्यांचा पाऊस: पंपाच्या पावत्या, कोणाच्या तरी गाडीचा नंबर, समन्सची झेरॉक्स, आणि एकदा तर तारीख उलटून गेलेला रजेचा अर्ज. सीटखाली ओआरएसची पाकिटं, तंबाखूची पुडी आणि भज्यांच्या कागदाची घडी. मी चोर पकडत नाही, पण अशा गाडीची सीट सोडवताना पंचनामा मात्र आपोआप होतो.

कैद्यांच्या गाडीचं शास्त्र आणखी निराळं. आत बसलेल्याला दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे हाताला लागणारा प्रत्येक स्क्रू तो फिरवून बघतो. म्हणून तिथे नट बाहेरच्या बाजूला घ्यायचे आणि शंका वाटेल तिथे वेल्डिंग मारायचं. आरोपी नेणाऱ्या छोट्या गाडीच्या मागच्या दारांना आतून उघडायची सोय ठेवत नाहीत. तशा गाडीत एखादे साहेब घाईत मागे बसले की पोचल्यावर कोणीतरी धावत जाऊन बाहेरून दार उघडतं. साहेबांना तो अदब वाटतो. आम्हीही वाटू देतो.

सायरन तपासणं हा वर्कशॉपमधला सर्वांत आनंदाचा भाग. एक सूर लांबलचक, चढत उतरत जाणारा, मोकळ्या रस्त्यासाठी. दुसरा तुटक आणि घाईचा, चौकासाठी. बटण दाबलं की आधी कुत्री सूर लावतात, मग भिंतीपलीकडच्या रस्त्यावर हँडलला लटकवलेली हेल्मेटं पटापट डोक्यावर चढतात. दसऱ्याला गाड्यांची आणि पान्यांची पूजा होते, तेव्हा उत्साही मंडळी झेंडूची माळ थेट भोंग्यावर चढवतात. पुढचे काही दिवस त्या गाडीच्या सायरनचा आवाज तोंडात विडा धरून बोलल्यासारखा येतो. मग भोंगा काढायचा आणि पाकळ्या चिमट्यानं वेचायच्या.

दिव्यांचं म्हणाल तर १ मे २०१७ पासून देशभरात मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. आपत्कालीन कामाच्या गाड्यांवर दिवे राहिले, लाल, निळे आणि पांढरे. त्या जुन्या गोल दिव्याच्या पोटात काय असतं हे पाहिलं की मौज वाटते. बल्ब जागचा हलत नाही. लहानशी मोटर त्याच्याभोवती एक आरसा फिरवत असते, तेवढ्यावर सगळा रुबाब. दिवा उतरवायला दहा मिनिटं लागतात. पण मान गेला तरी छताचं भोक राहतं, आणि त्याला रबरी बूच मारून ठेवावं लागतं. नाहीतर पाणी पुन्हा हुद्दा शोधत आत येतं.

नोंदीतली सर्वांत पहिली पोलीस मोटार १८९९ साली अमेरिकेत अॅक्रन गावात आली. ती विजेवर चालायची, आणि तिच्यावर दिवे, घंटा, स्ट्रेचर, सगळा सरंजाम होता. तिची पहिली कामगिरी काय, तर एका दारुड्याला उचलून आणणं. दुसऱ्याच वर्षी दंगलीत जमावानं ती कालव्यात ढकलली. आता पुन्हा विजेच्या गाड्या पोलिसांत येऊ लागल्या आहेत. दारुडे आणि जमाव हे दोन घटक मात्र तसेच असल्यानं माझ्या नोकरीला धोका दिसत नाही.

पुढे फोर्डनं अमेरिकी पोलिसांसाठी बनवलेल्या गाड्यांत एक शहाणपणाची गोष्ट केली. इंजिन किती तास नुसतं जागेवर चाललं, हा आकडाही डॅशबोर्डवर दाखवला. म्हणजे ऑइल बदलताना नुसत्या किलोमीटरवर जायचं नाही, उभे तासही धरायचे. ही मला खात्यातली मोठी सुधारणा वाटते. किलोमीटर मोजणारं मीटर म्हणतं, गाडीनं आज ६ किलोमीटर काम केलं. तासांचं मीटर म्हणतं, १४ तास केलं. खरं दुसरंच.

माणसांच्या बाबतीत हे आपल्याकडेही कोणाला तरी सुचलं होतं. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यापासून शिपायांसाठी ८ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याआधी १२ तासांची पाळी हीच रीत होती, आणि तीही १२ तासांत संपली तर. मी हे सगळं बॅटरीचे टर्मिनल घासता घासता चालक काकांना सांगितलं. ते बॉनेटला टेकून चहा पीत होते. नीट ऐकून घेतलं, कप ठेवला आणि म्हणाले, ‘मेस्त्री, गाडीला तासांचं मीटर, माणसाला आठ तासांची पाळी. झकास. आता तेवढं मंडळांना सांगा, मिरवणूक आठ तासांत आटपा म्हणून.’